अण्णा, तुझा रंग धुवायचा राहिला

अण्णा,

तुझी माती करून आम्ही घरी आलो, त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट सांगतो. औरादच्या बसस्टँडवरची ड्यूटी संपवून संध्याकाळी आपल्या गावात, चिंताकीत उतरलो आणि नेहमीसारखा गल्लीतून चालत निघालो. सातचा सुमार. कोपऱ्यावरच्या घरातून तुझा आवाज आला, "तुम्हाला वाटलं, रुद्रभान मेला?" माझा पाय जागीच थिजला. मग ध्यानात आलं, मालिका लागली आहे. पुढं निघालो, तर पुढच्या घरातून तूच बोललास, "वाटू दे. मेलेल्या माणसाला वेशीवर कोणी अडवत नाही." त्याच्या शेजारच्या घरातही तू, समोरच्या घरातही तू. उकाड्यानं सगळी दारं उघडी आणि सगळ्या घरांत एकच मालिका. मी चालीन तसा तू भिंतीपलीकडून माझ्या बरोबरीनं चालत होतास. मी थांबलो तेव्हा तू मात्र थांबला नाहीस. आपल्या दारात कुत्रं शेपूट हलवत उभं होतं, पण ते माझ्याकडं बघत नव्हतं.

घाबरलो, हे सांगायला मला लाज नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाचं आपलं घर. आप्पांनी आयुष्यभर भूत आणि भानामती उंबऱ्याबाहेर ठेवली. गावात कुणाच्या घरावर दगड पडायला लागले की आप्पा काठी घेऊन दगड टाकणाऱ्या पोराला शोधायला जायचे. त्यांची आपण पोरं. तरी त्या दिवशी घरात शिरल्यावर मी पहिल्यांदा आतून कडी घातली.

तुला हे सगळं ठाऊक आहे, पण हे वाचणाऱ्या परक्या माणसासाठी सांगतो. तुझं पोट आवाजावर होतं. हैदराबादेत तेलुगूत तयार होणारी ती राजेरजवाड्यांची मालिका मराठीतही दाखवत, आणि तिच्यातल्या खलनायकाचा, रुद्रभानचा, मराठी आवाज तुझा. चेहरा कुण्या तेलुगू नटाचा, मिशा त्याच्या, घोडा त्याचा, पण आपल्या भागातल्या बायाबापड्या बोटं मोडायच्या ती तुझ्या नावानं. तुला त्याचं केवढं कौतुक! लग्नाचं विचारलं की म्हणायचास, "खलनायकाला कोण लेक देतंय?" भाग आधी बोलून ठेवलेले असतात. त्यामुळं माणूस गेला तरी त्याचा आवाज काही दिवस कामावर येत राहतो, हे मला तू गेल्यावर कळलं.

आणि योग बघ कसा. तुझी छाती त्या दिवशी दुखली आणि दवाखान्यात नेईपर्यंत तू संपलास, त्याच सुमाराला मालिकेत रुद्रभानला कड्यावरून नदीत ढकललं होतं. सगळं राज्य त्याला मेला म्हणून विसरायला लागलेलं. विहारात तुझं जलदान झालं, पुण्यानुमोदनाला आलेली पाव्हणेमंडळी उठून गेली, आणि त्याच संध्याकाळी रुद्रभान नदीतून वर आला. भिजलेला, दाढी वाढलेली. म्हणाला, "आई, मी आलोय."

माय भाकरी थापत होती. तिनं तवा उतरवला, ताट वाढलं आणि टीव्हीसमोर नेऊन ठेवलं.

सुजातानं, माझ्या बायकोनं, माझ्याकडं पाहिलं. मी सुजाताकडं. दुसऱ्या दिवशी तिनं रिमोट तांदळाच्या डब्यात लपवला. माय ताट घेऊन शेजारच्या घरी जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी सुजातानं रिमोट काढून मुकाट्यानं तिच्या हातात दिला. मग रोजचंच झालं. सातला माय टीव्हीसमोर, पुढ्यात ताट. तू बोललास की ती उत्तर द्यायची. तू म्हणायचास, "मला या राज्यात कोणी आपलं नाही." ती म्हणायची, "असं कामून बोलायलास बाबा, मी हाय की." मालिका संपली की ते ताट ती कुत्र्याला घालायची. रडायची नाही. तुझ्या मातीच्या दिवशीही ती म्हणावं तसं रडली नव्हती, आणि मला जास्त भीती त्याचीच वाटत होती.

एक सांगायचं राहिलं. तुला आंघोळ घालताना मी तुझ्या तोंडावरून हात फिरवत होतो. कानामागं तांबडा वळ होता, दोन्हीकडं. मला कळलं, वर्षानुवर्षं हेडफोन लावून पडलेला तो वळ. पण माय वाकून बघत होती. ती हळूच म्हणाली, "रंग हाय त्येचा अजून." मी चोळला. वळच तो, जातोय कशाला.

तिच्या मनात काय होतं ते तुला सांगायला नको.

जयंतीला विहारापुढच्या पटांगणात आपल्या गल्लीचं नाटक व्हायचं. दरवर्षी एक राजा, एक त्याचा वैरी, मधे दोन-चार लढाया. मास्तरांनी तुला वैरी केलं, कारण लहानपणी चिंचेवरून पडून तुझं नाक वाकडं झालेलं, आणि मला राजा केलं, कारण आप्पांनी मला नावच बौद्ध ग्रंथातल्या राजाचं ठेवलेलं. तुला राजा व्हायचं होतं. मला वैरी व्हायचं होतं, कारण हार राजाला मिळाले तरी शिट्ट्या वैऱ्याला मिळायच्या. मास्तरांना आपण दोघांनी गाऱ्हाणं घातलं आणि दोघांनी छड्या खाल्ल्या. आवाज मात्र आपला एकच. पडद्यामागून कोण बोलतंय ते पुढं बसलेल्यांना कळायचं नाही, म्हणून मी बोलायला लागलो की आधी माझा मुकुट बाहेर काढायचा, अशी मास्तरांची शिस्त.

आपल्या गल्लीची एक रीत होती. वैऱ्यानं आपल्या तोंडाचा रंग आपण धुवायचा नाही. नाटकात ज्यानं त्याला मारलं, त्यानंच घागरीच्या पाण्यानं धुवायचा, आणि धुताना म्हणायचं, "खेळ सरला. घरी चल." त्याशिवाय वैऱ्यानं घरात पाऊल टाकायचं नाही. कुणी घातली ही रीत, माहीत नाही. आप्पा तिला अंधश्रद्धा म्हणत नव्हते. ते म्हणायचे, "सकाळी एकाच बांधावर कामाला जायचंय दोघांला. तलवारीचं तलवारीपाशी ऱ्हावं." माय मात्र ते तिच्या पद्धतीनं मानायची. रंग राहिला की सोंग अंगात राहतं, असं तिचं म्हणणं.

त्या शेवटच्या वर्षी मी तुला मारलं, पडदा पडला, उजाडायला आलं होतं. मी घागर घेऊन आलो तर तू मोटारसायकलवर मागं बसलेला. हैदराबादेहून निरोप आलेला, आवाजाची परीक्षा आहे, पहिली गाडी धरायची. तोंड तसंच, डोळ्यांभोवती लाल, भुवया काळ्याभोर. मी म्हणालो, "दोन तांबे वततो, थांब की." तू हसलास. "ऱ्हाऊ दे मिल्या, हैदराबादवाले धुतील." आणि गेलास. गाडीतल्या लोकांनी वाट दिली म्हणे तुला, सीट रिकामी करून दिली. ही गोष्ट तू पुढं शंभरदा सांगितलीस. माय एकदाही हसली नाही. तुझं पहिलं काम मिळालं ते खलनायकाचं, दुसरं खलनायकाचं, तिसरंही. प्रत्येक वेळी माय म्हणायची, "धुवायचा राहिला ना."

आता आपल्या आवाजाचं. अण्णा, मी तुझ्यावर खूप चिडत होतो, ते तू मेलास म्हणून आज लपवणार नाही. औरादच्या बसस्टँडवर माइकवर गाड्या सांगतो मी, कन्नडात सांगतो, मराठीत सांगतो, कुणी समोर येऊन अडलं तर दखनीतही सांगतो. स्वतःच्या घशावर मिळवलेली नोकरी आहे. तू रुद्रभान झालास आणि लोक खिडकीपाशी येऊन म्हणायला लागले, "तुम्ही त्याची नक्कल लई भारी करताव." माझ्याच आवाजात बोलायची मला चोरी. सरकारनं बायकांना बसचं तिकीट माफ केलं तेव्हापासून स्टँडवर गर्दी उसळलेली, आणि त्या गर्दीत एखादी म्हातारी हमखास विचारायची, "बाबा, कामून छळायलास रे त्या राजाला?" मी सांगायचो, मी नाही, माझा भाऊ. ती म्हणायची, सगळे असंच म्हणतात.

आणि फोन. माय फोन उचलायची आणि आधी विचारायची, "कोण? आनंद का मिल्या?" जन्म दिलेल्या बाईला पोराचा आवाज ओळखू येऊ नये? मी दर वेळी तणतणायचो. तू गंमत करायचास. माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या नावानं सुजाताला फोन करून तू अर्धा तास बोललास. ती अजून म्हणते, त्या दिवशी तुम्ही जरा बरं बोलला होता.

तू गेल्यावर स्टँडवर कुणी मला नक्कल म्हणत नाही. मी गाडी सांगायला लागलो की बाकांवरची माणसं गप्प होतात. एकदा तर मीच चकलो. ठाणाकुशनूरची गाडी सांगत होतो, माझं वाक्य बाहेरच्या भोंग्यातून फिरून माझ्याच कानावर आलं, आणि मी मागं वळून बघितलं. मागं भिंत होती आणि भिंतीवर वेळापत्रक.

रुद्रभानवरून आपण किती भांडलो रे! भाग संपला की तुझा फोन यायचाच. गोष्ट तशी साधी. म्हाताऱ्या राजाचे दोन मुलगे. थोरला विक्रमसेन राजधानीत, धाकटा रुद्रभान सरहद्दीच्या किल्ल्यावर. बाप आजारी पडला तो त्या किल्ल्यावर, त्याची सेवा केली धाकट्यानं, आणि मरताना बापानं गादी दिली थोरल्याला. तिथून धाकटा बिघडला. विष काय, फितुरी काय, सगळं केलं त्यानं. मी म्हणायचो, हलकट आहे. तू भडकायचास. "सरहद्दीवर ऱ्हायला कोण? धाकटा. बापाचं हागणंमुतणं काढलं कोणी? धाकट्यानं. आन मुकुट कोणाला? जो सणाला यायचा त्याला! मिल्या, तू असतास तर काय केलं असतंस?" मी म्हणायचो, "थोरल्यानं काय मागून घेतला मुकुट? त्येला बी टोचत असंल की. लांब ऱ्हायलेल्याला घर न्हाई का आठवत?" तू म्हणायचास, तुला नाटकातलं काही कळत नाही, तू जन्मजात राजाच राहिलास. मी म्हणायचो, तू जन्मजात वैरी.

तू सहा फुटी थोरला भाऊ, धाकट्याचं वकीलपत्र घेऊन बसलेला. मी चिंताकीत राहिलेला धाकटा, थोरल्याच्या वतीनं गळा काढणारा. आप्पांच्या शेवटच्या आजारपणात त्यांना कुशीवर मी वळवत होतो, तू सणाला येत होतास आणि येताना अख्ख्या गावाला पुरतील एवढी केळी आणत होतास. हे तू बोलत होतास आणि मी ऐकत होतो, पण माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मला वाटायचं, आपण मालिकेवर बोलतोय.

शेवटचं भांडण तर अर्धंच राहिलं. तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी दुपारी फोन केलास. म्हणालास, "शेवटचे भाग आल्यात. रुद्रभान मरायलाय. मरताना थोरल्याच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणतोय, दादा, मला माफ करा. मी हे म्हणणार न्हाई."

"लिवलंय तर म्हणावंच लागंल."

"माफी त्येनं कामून मागायची? मागायची तर थोरल्यानं मागावी."

"मरणारा मागतोय, मागू दे की. सुटंल बिचारा."

"मिल्या, तुला कसं सांगू—" आणि तेवढ्यात भालकीची गाडी लागली. मी म्हणालो, थांब, गाडी सांगतो, मग बोलू. फोन ठेवला. गाडी सांगितली.

काय सांगणार होतास, ते तेव्हापासून माझ्या घशात आहे.

मग तुझा फोन वाजला. तुझा म्हणजे तुझाच, बंद करायचं सुचलं नव्हतं, माय रोज चार्ज करून ठेवायची. मी उचलून "हां, बोला" म्हणालो. पलीकडं नुसता श्वास. फोन कट झाला. जरा वेळानं परत आला. तुझा रेकॉर्डिंगवाला वेणू होता. म्हणाला, "भाई, डर गया था मैं. आपका आवाज... माफ करो भाई." मग चाचरत मुद्द्यावर आला. रुद्रभानचे शेवटचे भाग बोलायचे राहिलेत. दुसरा माणूस बघितलाय, पण ऐकणाऱ्याला लगेच कळेल. तुमचा आवाज तोच आहे. याल का?

मी नाही म्हणालो. स्पष्ट. जन्मभर मी तुझी नक्कल नाही हे लोकांना सांगत आलो, आणि आता तू मेल्यावर तुझ्या जागेवर बसू? पण फोन ठेवला तर मागं माय उभी.

"काय म्हणायलाय त्यो?"

मी सांगितलं. लपवून काय करू.

"मारायला जायलास व्हय त्येला?"

"माय, त्ये लिवलेलं हाय. रुद्रभान मरणारच. म्या गेलो तरी मरणार, न्हाई गेलो तरी मरणार."

"न्हाई गेलास तर?"

"तर दुसरा कुणीतरी बोलंल त्येच्या तोंडातनं."

माय खाली बसली. बराच वेळ पदराचा काठ बोटाला गुंडाळत, सोडत होती. मला कळत होतं, ही काय मोजतेय. सातची वेळ तिच्याजवळ उरलेली शेवटची चीज होती. मी गेलो तर तिचं लेकरू माझ्या तोंडून मरणार. नाही गेलो तर शेवटच्या दिवसांत तिच्या लेकराच्या जागी परका बोलणार, आणि ते तर त्याच्याही आधी मरणं झालं. आणि दोन्हीकडून, मालिका संपली की सात वाजता या घरात काय, हा प्रश्न होताच.

"परक्याच्या तोंडानं नगं," ती म्हणाली. "जा तू. पर ताठ मरू दे त्येला. रडवू नगंस."

हैदराबादेतली तुझी रेकॉर्डिंगची खोली मी पहिल्यांदा बघितली. केवढीशी रे! भिंतींना काळा कापूस लावल्यासारखं काहीतरी, एक माइक, एक पडदा, एक उंच स्टूल. दार लागलं आणि आवाज असा गेला की मला माझे कान गेले असंच वाटलं. स्टुलाशेजारी तुझा स्टीलचा पेला तसाच होता. हेडफोन तुझेच. लावले, तर कानामागं नेमके तुझ्या वळाच्या जागी बसले. काचेपलीकडं वेणू माझ्याकडं बघायचं टाळत होता, आणि काचेत माझा चेहरा रुद्रभानच्या चेहऱ्यावर पडलेला.

सूर लागावा म्हणून वेणूनं तुझा शेवटचा बोललेला भाग लावला. तुझं वाक्य संपायचं, तिथून माझं सुरू करायचं. मी घसा खाकरला आणि मला काही केल्या सुरुवात सापडेना. आवाज तोच, पण रुद्रभान येईना. दोनदा झालं, तीनदा झालं. मराठी तपासायला बसलेल्या बाई हिरमुसल्या.

मग वेणू माइकवर म्हणाला, "भाई, पहले वो बसवाला बोलो ना."

"कौन सा बसवाला?"

"आनंदभाई रोज बोलते थे. टेक के पहले. आँख बंद करके. औराद, संतपूर, बीदर... ऐसा कुछ. मैं पूछा, ये क्या है भाई? तो बोले, मेरा छोटा भाई है. मैं उसके आवाज में घुसता हूँ, फिर रुद्रभान आता है."

अण्णा, त्या बंद खोलीत मी स्टुलावर बसून राहिलो. लोकांनी मला तुझी नक्कल ठरवलं, मी वर्षानुवर्षं जळत राहिलो, आणि तू रोज सकाळी त्या अंधाऱ्या खोलीत येऊन आधी मी होत होतास. सरहद्दीवर राहिलेला धाकटा तू कुठून आणत होतास ते मला तेव्हा कळलं. फोनवर तू मालिकेचं बोलतच नव्हतास. आणि मी तरी कुठं विक्रमसेनाची बाजू घेत होतो? एवढ्या वर्षांत दोघांपैकी एकानं तरी सरळ बोलावं की नाही! पण आपल्यात तशी पद्धत नव्हती.

मी डोळे मिटले. म्हणालो, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. औराद, संतपूरमार्गे बीदरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे." बोलताना हेडफोनमध्ये माझाच आवाज मला ऐकू येत होता, आणि खरं सांगतो, तो माझा नव्हता. माझ्याआधी किंचित, अगदी एका श्वासानं आधी, कुणीतरी तेच बोलत होतं. आप्पा असते तर म्हणाले असते, तार सैल असेल. वेणूला मी विचारलं नाही. मला तार तपासून घ्यायची नव्हती.

त्यानंतर अडलं नाही. तुझं वाक्य संपायचं आणि माझं लागायचं. सांधा माझा मलाच सापडेना.

शेवटचा प्रसंग आला. रुद्रभानच्या छातीत तलवार, थोरल्याच्या मांडीवर डोकं. कागदावर लिहिलेलं, "दादा, मला माफ करा." पडद्यावर त्याचे ओठ हलले आणि मी म्हणालो, "अण्णा, घरी चल."

मराठीच्या बाई म्हणाल्या, "वाक्य बदललंत. आणि तो दादा म्हणतो, अण्णा नाही."

मी म्हणालो, "आमच्याकडं थोरल्याला अण्णाच म्हणतात. आणि माफी तो मागणार नाही. ज्याचा आवाज होता, त्यानं सांगून ठेवलंय."

बाईंनी परत एकदा ऐकलं. वेणू मान खाली घालून बसलेला, त्याला मराठी येत नव्हती तरी. बाई म्हणाल्या, "ओठ जुळलेत. राहू द्या."

तो भाग लागला त्या दिवशी मी रजा टाकली. माय टीव्हीसमोर, ताट पुढ्यात. तिला माझं तोंड दिसू नये म्हणून मी तिच्या मागं बसलो. गल्लीतल्या सगळ्या घरांतून एकदम तेच संगीत सुरू झालं. रुद्रभानचं पहिलं वाक्य आलं आणि माय मागं न बघता म्हणाली, "ह्यो आनंद न्हाई. ह्यो तू हाईस."

मी म्हणालो, "माय, तिथल्या लोकांला बी कळलं न्हाई."

"त्यांनी काय पोटातनं काढलंय व्हय तुम्हाला? तुमचा आवाज मला कवाच एक वाटला न्हाई. त्येचा वरनं यायचा, तुझा खालनं येतोय."

"मग फोनवर दर बारीला कामून इचारायचीस, आनंद का मिल्या?"

ती जराशी हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. "तेवढंच दोघांचं नाव घ्याया भेटायचं."

पडद्यावर तलवार लागली. थोरल्यानं धाकट्याचं डोकं मांडीवर घेतलं. घराघरातून, भिंतीभिंतीतून, सगळ्या चिंताकीभर माझा-तुझा आवाज एकदम बोलला, "अण्णा, घरी चल." मायनं ते ऐकलं, ताट बाजूला सारलं आणि उठली. मला वाटलं, बाहेर जातेय. ती घागर आणि तांब्या घेऊन आली. माझ्या पुढ्यात बसली.

"मारणाऱ्यानं धुवायचा असतोय," ती म्हणाली. "मारणारा बी तूच, मरणारा बी तूच. मग धुवायचं मलाच आलं."

तिनं माझ्या तोंडावर पाणी ओतलं. कपाळ, भुवया, डोळ्यांभोवती, गाल. नाकावरून हात फिरवताना तो जरा वाकडा गेला, जिथं तुझं नाक वाकडं होतं तिथून. मग कानामागं, हेडफोनच्या जागी, तिनं पदरानं चोळचोळून पुसलं. "खेळ सरला, बाबा," ती म्हणाली. "सरला खेळ. घरी चल." आणि मग ती रडली अण्णा, मोठ्यानं, मोकळं, इतके दिवस मी ज्याची वाट बघत होतो तसं. शेजारच्या बाया धावत आल्या. टीव्ही कुणी बंद केला, मला आठवत नाही.

तू जिकडून बघत असशील, किंवा आप्पांच्या म्हणण्याप्रमाणे कुठूनच बघत नसशील, तरी सांगून ठेवतो. तुझा रंग धुतला. माझ्या तोंडावरचा का होईना, पण धुतला. माफी मागितली नाही तुझ्या माणसानं. एवढं मी केलं. बाकी जे भालकीच्या गाडीमुळं राहिलं, ते तुझ्या बाजूनं आणि माझ्या बाजूनं सारखंच राहिलं, ते आता फिटलं म्हणायला हरकत नाही.

सात वाजता आता त्या जागी दुसरी मालिका लागते, सासूसुनांची. माय बघत नाही. गल्लीतून चालताना तू बरोबर नसतोस, आणि मला त्याची सवय होत नाही. कुत्रंही त्या वेळेला दारात येऊन उभं राहतं आणि थोड्या वेळानं आपणहून आत जातं.

परवा स्टँडवरून घरी फोन लावला. मायनं उचलला आणि विचारलं, "कोण? आनंद का मिल्या?" मी तणतणत नाही आता. लगेच उत्तरही देत नाही, अण्णा. आधी जरा थांबतो. तुला बोलायचं असलं, तर बोल.